अळ्या, पाला आणि खाज

१८ नोव्हेंबर

ह्या वहीत फक्त खाज लिहायची, दुसरं काही नाही, असं ठरवून बसले आहे. वही बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली, गेल्या वर्षीची. आकांक्षा फोनवर म्हणाली, "आई, काय खाल्लं, काय हाताळलं, कुठं खाजलं, रोज लिहून ठेव. डॉक्टरनं विचारल्यावर 'होतं कधीमधी' असलं सांगू नको." पोरगी संभाजीनगरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता माझ्याशी वॉर्डातल्या पेशंटशी बोलावं तशी बोलते.

डॉक्टरला दाखवायचं म्हणून पहिल्यापासून लिहिते. कपाळावर केसांच्या कडेनं लाल पट्टा. कानांचे शेंडे. कमरेला डाव्या बाजूला तळहाताएवढा चट्टा. उजव्या हाताची बोटं. बारीक फोड येतात, पाणी सुटतं, खपली धरते, काळं पडतं, आणि बरं होतंय म्हणेपर्यंत पुन्हा तेच. मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब लावली की दोन दिवस शांत.

सुरुवात गणपतीनंतर. त्याआधीच्या बॅचला कोषांना जालन्याच्या बाजारात चांगला भाव लागला होता. आजूबाजूच्या गावांतली माणसं शेड बघायला आली, फोटो काढले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दिवसभर तोंड पाडून बसल्या. "कशाला दाखवतीस लोकायला? लोकायचे डोळे चांगले नसतेत." पुढच्या बॅचपासून अंगाला खाज.

रेशमाच्या अळ्यांचं काम ह्यांनी सुरू केलं. तुती हायवेच्या पलीकडं, शेड अलीकडं घराला लागून. हे पाला मोटारसायकलवर आणायचे. मोटारसायकल ह्यांच्याबरोबरच गेली, वडीगोद्रीच्या वळणावर, दोन वर्षं झाली पोळ्याला. तेव्हापासून मी डोक्यावर आणते, सकाळी एक भारा, संध्याकाळी एक.

हे लिहायचं नव्हतं. असू दे.

२२ नोव्हेंबर

तातेराव भाऊजी आले होते. ह्यांचे धाकटे भाऊ. शेडची जागा कागदावर त्यांची, शेड बांधलेली आमची. आजवर त्यावरून कधी शब्द झाला नाही. आज झाला.

"वहिनी, तोंड बघा आरशात. पोरगी येईल तर भिऊन जाईल. खताचा व्यापारी गोदामाला जागा मागून राह्यला. पाडव्यापासून भाडं चालू. अर्धं तुमचं. तुम्ही बसून खा."

"बसून खाल्लं तर खाजवायला दोन्ही हात मोकळे राहतील," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. म्हणाले, "दादा गेला. आता तुमचं काही झालं तर आईकडं कोण बघल? मला त्याची भीती हाय." खोटं बोलत नव्हते. खोटं बोलले असते तर सोपं गेलं असतं.

मी सांगितलं, पाडव्यापर्यंत थांबा. अळ्यांमुळंच होतंय असं ठरलं तर शेड रिकामी करून देते. नाही ठरलं तर गोदामाचं नाव परत काढायचं नाही. "बराबर," म्हणाले आणि चहा न घेता गेले.

आत्याबाई दारात बसून सगळं ऐकत होत्या. मुलाला काही बोलल्या नाहीत, सुनेलाही नाही. मी भाऱ्याला निघाले तर डोक्यावर भाऱ्याखाली ठेवायची चुंबळ हातात दिली. सप्टेंबरपासून चुंबळ त्याच शिवून देतात. माझी बांधलेली त्यांना ढिली वाटते.

२९ नोव्हेंबर

प्रेमबाईंच्या दुकानात गेले होते. लुगड्या-साड्यांचं दुकान आहे त्यांचं हायवेवर. चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेले. जुनी मासिकं, पुस्तकं माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. मी सातवीत शाळा सोडली. पुढचं जे काही वाचलं ते निम्मं प्रेमबाईंच्या काउंटरमागं बसून.

माझं कपाळ बघितलं आणि हात जोडले. "उषाबाई, रागवू नका. इतके जीव उकळतात, ते कुठंतरी निघणारच ना."

"मी कुठं उकळते? मी कोष विकते. उकळणारे वेगळे."

"मग तुमचं पाप ठोक भावातलं."

"आणि तुमच्या दुकानातल्या रेशमी साड्या?"

"त्या किरकोळ," म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. हसताना कपाळ ताणतं आणि आग होते. निघताना त्यांनी खोबरेल तेलाची बाटली दिली, पैसे घेतले नाहीत.

घरी येईपर्यंत मात्र त्यांचं बोलणं डोक्यात राहिलं. पाप असेल तर ते डाव्या कमरेला का? उजवी कमर काय पुण्यवान आहे? पापाला अशी जागा निवडायची काय गरज.

२ डिसेंबर

अळ्या चंद्रिकेच्या जाळीवर चढल्या, कोष विणायला लागल्या. आता पाला लागत नाही, म्हणून जालन्याला कातडीच्या डॉक्टरकडं जाऊन आले. बाई डॉक्टर, तरुण. वही दाखवली. त्यांनी खरंच वाचली, पानं उलटून.

"हे बाहेरून काहीतरी लागून होतंय. पोटातलं नाही, रक्तातलं नाही. काय लागतं ते तुम्हालाच शोधावं लागेल, मी तुमच्या घरी येऊ शकत नाही." मग एकेक विचारत गेल्या. गाजर गवत? आमच्या बांधावर नाही. केसांना रंग? मी हसले. शेड धुवायची ब्लीचिंग पावडर? तेव्हा हातमोजे घालते. बिब्बा? बिब्ब्याचं तेल लागून उतलं की असंच दिसतं म्हणाल्या.

बिब्बा आमच्या घरात नाही. ह्यांना आवडत नव्हता. दाराला लिंबू-मिरची-बिब्बा टांगलेला दिसला की काढून टाकायचे. सांगितलं तसं.

मेडिकलच्या ट्यूबवर त्या फार चिडल्या. ती बंद. दुसरं मलम दिलं आणि म्हणाल्या, एका वेळी एकच गोष्ट सोडून बघा. दोन सोडल्या तर कळणार नाही कोणती.

हे मला पटलं. वाचताना मी तसंच करते, एका वेळी एकच पुस्तक.

घरी आल्यावर आत्याबाईंना सगळं सांगितलं, बिब्ब्याचंही. म्हणाल्या, "डाक्टरला काय ठावं. बिब्बा राखतो माणसाला." आणि ताटावरून उठल्या. अर्धी भाकरी तशीच. बोटाला काळा डाग होता. म्हटलं काय लागलं, तर म्हणाल्या, तव्याचं काजळ.

२० डिसेंबर

कोष विकून झाले. शेड रिकामी, धुतली, चुना मारला. अंग स्वच्छ. कपाळावर नुसता काळपट डाग उरला आहे. आज आरशात बघून बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं. अळ्या नाहीत तर खाज नाही. ह्याचा अर्थ शेंबडं पोरगंही सांगेल.

भाऊजी रस्त्यात भेटले. कपाळाकडं बघितलं आणि पुढं गेले. बोलायची गरजच नव्हती.

२९ डिसेंबर

नवी बॅच आली आणि तीन दिवसांत पट्टा उठला. आधी बोटं, मग कपाळ, मग कमर. ओळीनं, पाहुणे येतात तसे.

रडू आलं, पण ते खाजेचं होतं का दुसरं कशाचं, ठरवता आलं नाही. तोंड धुतलं, मलम लावलं, भारा आणायला गेले. जाताना ठरवलं की भाऊजींच्या अंदाजावर शेड सोडायची नाही. आपण करून बघायचं. डॉक्टरनं सांगितलं तसं, एकेक.

३ जानेवारी

आकांक्षानं पहिली गोष्ट सुचवली आणि सुचवताना तिचा आवाज बारीक झाला. "आई, तू शेतात बाबांचा शर्ट घालतेस ना साडीवरून..."

घालते. सगळ्या बायका घालतात, फांद्यांनी हात खरचटत नाहीत. ह्यांचे चार शर्ट आहेत, आलटून पालटून. तिला म्हटलं, शर्ट धुते मी. ती म्हणाली, "पण गळ्याला, बाहीला काही लागत असेल तर? एका वेळी एक, तूच म्हणलीस."

तिच्याशी नीट बोलले नाही. फोन ठेवला.

आज शर्ट न घालता गेले. हायवे ओलांडताना उघडंच वाटत राहिलं, अंगावर नऊवारभर लुगडं असून.

१० जानेवारी

शर्ट सोडून आठवडा झाला. खाज होती तशीच. कमरेचा चट्टा उलट वाढला.

इतका आनंद झाला की आकांक्षाला फोन करून सांगितलं, "कमी झालं न्हाई गं, बिलकुल कमी झालं न्हाई!" ती म्हणाली, आई, तू ठीक आहेस ना.

शर्ट घातला. ह्यांचा नव्हताच तो दोष.

२ फेब्रुवारी

मधले दिवस लिहिलं नाही. जानेवारीची बॅच खाजवत पार पाडली. कोष बरे निघाले. रिकाम्या दिवसांत अंग पुन्हा स्वच्छ.

काल नवी बॅच आली. ह्या वेळी शेजारच्या भुजंगच्या बायकोला, गोदाला, कामाला लावलं. तिला सांगितलं, तू पाला तोडून आण, मी शेडमध्येच राहते. अळ्यांवर पाला टाकणं, बेड साफ करणं, चुना मारणं सगळं माझ्याकडं. पाला तोडणं आणि वाहणं तुझ्याकडं.

"मंग मला खाज सुटली तर?" गोदानं विचारलं.

"तर आपल्याला कळलं."

"तुमाला कळंल अक्का, मला खाजंल!" पण आली. मजुरी रोखीनं देते आणि दुपारी चहा साखर घातलेला देते, म्हणून आली.

८ फेब्रुवारी

अळ्यांच्यात हात घालून बसले आहे आठवडाभर. अळ्या हातावर घेतल्या, मनगटावर चालू दिल्या. त्यांची विष्ठा, कात, चुना, सगळं. काही झालं नाही. कपाळ नितळ. कमर नितळ.

अळ्या नाहीत! पाप नाही, जीव नाहीत, काही नाही. प्रेमबाईंना निरोप पाठवला की माझं पाप सुटलं, तुमचं किरकोळ तेवढं राहिलं.

संध्याकाळी मात्र बसल्या बसल्या मनात आलं की अळ्या नाहीत म्हणजे पाला. आणि पाल्याशिवाय अळ्या कशा पाळायच्या? गोदाला कायम मजुरी देऊन काही उरत नाही. भाऊजी म्हणतील, अळ्या काय, पाला काय, शेड ती शेडच.

जेवण गेलं नाही. आत्याबाईंनी ताट पुढं सरकवलं. "खा. तुझ्यामागं लागलंय ते जाईल. मी हाय ना." मी म्हटलं, तुम्ही काय करणार आत्याबाई, आता तुमचंही वय झालं. त्या म्हणाल्या, "जे करायचं ते करून राह्यले."

११ फेब्रुवारी

पाल्याची परीक्षा घेतली. काल सकाळी तुतीची पानं चुरगळून डाव्या दंडाला फडक्यानं बांधली, चीक निघाला तोही लावला. आज सोडलं. दंड हिरवा झाला, बाकी काही नाही. गोदालाही काही नाही, उलट चहानं तजेला आला आहे तिच्या तोंडावर.

अळ्या नाहीत, पाला नाही, शर्ट नाही. मग काय उरतं? नुसता रस्ता. रस्त्याची खाज कुणाला सुटत नसते.

१२ फेब्रुवारी

आज गोदाच्या मागं मागं तुतीत गेले, ती करते ते बघायला. ती फांद्या कापते तशाच मी कापते. भारा बांधते तसाच. मग तिनं खांद्यावरचा जुना टॉवेल काढला, पीळ दिला, गोल केला, डोक्यावर ठेवला आणि भारा उचलला. शेडला आल्यावर टॉवेल झटकून घाम पुसला.

मी तिथंच उभी राहिले. ती म्हणाली, "अक्का, भूत बघितल्यावानी काय बघून राह्यल्या?"

माझी चुंबळ टॉवेलची नाही. आत्याबाईंच्या जुन्या काळ्या लुगड्याची, पक्की शिवलेली. डोक्यावर भारा असतो तेव्हा तिची कड कपाळावर आणि कानांवर येते. रिकामी जाताना मी ती कमरेला खोचते. डाव्या बाजूला. उजव्या हातानं.

घरी येऊन खुंटीवरची काढली आणि अंगणात बसून टाके उसवले. काळ्या कापडाच्या आत काळं कापड, त्याच्या आत आणखी एक. सगळ्यात आत दोऱ्यात ओवलेले बिब्बे. सुईनं आरपार टोचलेले. भाऱ्याच्या वजनानं आणि उन्हानं त्यांचं तेल सुटून सगळ्या पदरांत मुरलेलं. काळ्या कापडावर काळं तेल, कुणाला दिसणार.

आत्याबाई दारात उभ्या होत्या.

"किती दिवस?" मी विचारलं. आवाज चढला माझा. आजवर त्यांच्यावर कधी चढला नव्हता.

"लोक फोटो काढून गेले तवापासून."

"मी डॉक्टरचं सांगितलं तेव्हा तरी बोलायचं! मी तुमच्यासमोर रात्रंदिवस खाजवते, तातेराव भाऊजी शेड घ्यायला बसलेत, आणि तुम्ही नवीन शिवून देता?"

त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "तवाच कळलं मला. काढणार व्हते. सुई घेऊन बसले बी. हात चालंना. माझ्या अंगदच्या गाडीला बिब्बा बांधल्ता मी. त्यानं तोडून टाकला, आई गावठी दिसतं म्हणला. पोळा बी बघितला न्हाई त्यानं." आणि मग एकदम ताठ होऊन, "खाजेनं माणूस मरत न्हाई, उषे. खाजव म्हणलं. खाजव, पण घरी ये."

एवढं वाचलं त्यात ह्याचं उत्तर कुठं नव्हतं.

त्यांचे हात बघायला मागितले. त्या पदरात लपवत होत्या. बोटांची टोकं फुटलेली, काळी, काही ठिकाणी ओली. बिब्बे टोचताना, ओवताना. गणपतीपासून त्याही खाजवत होत्या आणि घरात मला एकदाही दिसलं नाही. माझं मलम आणलं आणि त्यांच्या बोटांना लावलं. रागातच लावलं. त्या "हळू" सुद्धा म्हणाल्या नाहीत.

१३ फेब्रुवारी

चुंबळ मागच्या खड्ड्यात पुरली. जाळली तर बिब्बा धुरानंही उततो म्हणतात. गोदाला सुट्टी दिली आणि मी टॉवेल पिळून भारा आणायला गेले.

आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या. परत आले तरी तिथंच. पाणीही घेतलं नव्हतं. संध्याकाळच्या भाऱ्यालाही तसंच.

२४ फेब्रुवारी

अळ्या चढेपर्यंत दोन्ही भारे मीच आणले. अंगावर एक फोड नाही. कपाळावरचा डाग तेवढा जाईल हळूहळू.

भाऊजींना बोलावून घेतलं. काय सापडलं ते सांगितलं, फक्त कुणी ठेवलं ते सांगणार नव्हते. आत्याबाईंनीच सांगितलं. भाऊजी कपाळ धरून बसले. "आई, आगं आख्ख्या गावाला म्हणून राह्यलो मी की अळ्यांमुळं झालं!"

"मंग आता आख्ख्या गावाला सांग की आईमुळं झालं," त्या म्हणाल्या. "जल्दी सांग. गोदामवाल्याला बी सांग."

भाऊजींनी चहा घेतला ह्या वेळी. जाताना म्हणाले, "ठरलं तसं. वहिनी, शेड तुमचीच."

शेड राहिली. पण आत्याबाई मी रस्त्याला गेले की जेवत नाहीत. त्या अर्ध्या झाल्यात ह्या दहा-बारा दिवसांत. माझी खाज गेली आणि त्यांची सुरू झाली, असं झालं आहे. एक बिब्बा शेडच्या दाराला वर टांगा म्हटलं, मी हात लावणार नाही. तर म्हणाल्या, "दार कुठं हायवे वलांडतं?"

बरोबर होतं ते. ह्यावर मलम नाही.

१० मार्च

नवी बॅच. सकाळी विळा-कात्री घेऊन निघाले तर आत्याबाई चपला घालून अंगणात उभ्या. हातात काठी. हे गेल्यापासून त्या हायवेपर्यंत आलेल्या नाहीत. दवाखान्याला जायचं तरी मागच्या वाटेनं जातात.

"कुठं निघालात?"

"तू चाल. बोलू नको."

तुतीत बांधावर बसून राहिल्या. मी भारा बांधला, टॉवेल पिळला, उचलला. तशा त्या उठल्या आणि माझ्या पुढं झाल्या. शेजारी नाही, मागं नाही. पुढं. हायवेला आल्यावर काठी आडवी धरून थांबल्या. एक ट्रक गेला, त्यामागं दुसरा. मग पाय उचलला त्यांनीच आधी.

पलीकडं प्रेमबाईंच्या दुकानासमोर चार-पाच माणसं उभी होती. त्यातलं एक जण म्हणालं, "आवो आजी, आज लई दिवसांनी?"

"बघ," आत्याबाई थांबून म्हणाल्या. "नीट बघून घे मला. आजून बघ. मागचीकडं बघायचं काम न्हाई."

माणसं हसली. त्या हसल्या नाहीत. प्रत्येकाच्या तोंडाकडं बघून झाल्यावरच पुढं निघाल्या.

माझं डोकं भाऱ्याखाली, मला फक्त त्यांच्या टाचा आणि काठी दिसत होती. म्हटलं, उद्यापासून एवढं चालू नका, मला पटपट यायला लागतं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि घरी आल्यावर चुंबळ पुरल्यापासून पहिल्यांदा भाकरी मागून घेतली.

त्यांच्या चालीनं यायचं म्हणजे दुप्पट वेळ. पाला वाटेतच जरा सुकला. अळ्यांनी खाल्ला.